जुलैची फी, नोव्हेंबरचं सोयाबीन

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. साखऱ्यातून इंजिनीअर होऊन पुण्याला आलेला मी काही एकटा नाही, पण शनिवारी सकाळी गावचा फोन उचलणारा बहुतेक मीच एकटा असावा. साखरा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव. पहिला फोन सीईटीचा निकाल लागला की येतो. "पोराला ८८ आलेत, कुठं मिळंल?" मग पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, ८८ पर्सेंटाईल म्हणजे शंभरातली बारा पोरं आपल्या पुढं आहेत आणि अख्ख्या राज्यात ती बारा-बारा करत हजारो होतात, हे समजावण्यात माझा चहा गार होतो. दुसरा फोन पंधरा-वीस दिवसांनी येतो, आणि तोच खरा फोन असतो. आवाज थोडा खाली गेलेला असतो. "पोराचं मन पुण्याच्या त्या कॉलेजात हाय. पण तिथला खर्च... इकडं नांदेडला बी मिळंल म्हणतो. काय करावं?"

या प्रश्नाला दोन तयार उत्तरं बाजारात आहेत. एक म्हणजे, "स्वप्न सोडू नका, पैशाचं काय, कसंही होतं." हे सांगणाऱ्यांचं पैशाचं आजवर खरोखरच कसंही झालेलं असतं. दुसरं आपलं जुनं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. मला दोन्ही उत्तरांचा राग येतो. कारण दोन्हींत असं गृहीत धरलेलं असतं की फी म्हणजे एक आकडा, तो एकतर झेपतो किंवा झेपत नाही. आमच्याकडं फी हा आकडा नसतो, तारीख असते.

शहरातल्या वाचकांसाठी जरा सविस्तर सांगतो. आमच्या भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडं रोकड वर्षातून दोनदा येते. सोयाबीन मृगात पेरायचं, दसऱ्याच्या आसपास काढायचं आणि दिवाळीच्या मागंपुढं आडतीवर घालायचं. तूर जानेवारी-फेब्रुवारीत. विहिरीला पाणी असेल त्याची हळद असते. ती काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या बाजारात जाईपर्यंत उन्हाळा लागतो. आता कॉलेजची फी कधी असते? जुलै-ऑगस्टात. म्हणजे बी, खत, फवारणी, खुरपणी असं करत घरातला शेवटचा रुपया मातीत गेलेला असतो, नेमका तेव्हा. त्या दिवसांत साठ हजार लागले तर आडत्याकडून उचल घ्यायची, माल त्याच्याच आडतीवर घालायचा आणि तो म्हणेल तो भाव घ्यायचा. नाहीतर सावकाराकडं शेकडा तीननं जायचं. शेकडा तीन म्हणजे महिन्याला बरं का, वर्षाला नाही. साठ हजारांचे पाच महिन्यांचे नऊ हजार व्याज. हे नऊ हजार कुठल्याही कॉलेजच्या फीच्या पावतीवर छापलेले नसतात. नोकरदाराच्या पोराला तेच कॉलेज नऊ हजारांनी स्वस्त पडतं.

दुसरी एक गंमत आहे. (गंमत म्हणजे काय, आपलं म्हणायचं.) "या कॉलेजची ऑफर की त्या कॉलेजची" असं म्हटलं की टेबलावर दोन पत्रं ठेवलेली आहेत आणि मुलगा आईबापांशी बसून बोलतोय असं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. हे चित्र अमेरिकेचं आहे. तिथं बऱ्याच कॉलेजांची पत्रं मार्चअखेरपर्यंत हातात पडतात, त्यासोबत फीमधली किती सूट, किती कर्ज, किती काम करून फेडायचं याचा कागद असतो, आणि कुठं जायचं ते कळवायची वर्षानुवर्षांची तारीख १ मे. सूट कमी वाटली तर पत्र लिहून वाढवून मागता येते. तुमच्या घरच्या उत्पन्नाला इथलं शिक्षण साधारण कितीला पडेल ते दाखवणारं आकडेमोडीचं साधन साइटवर ठेवणं २०११ पासून तिथल्या कॉलेजांना बंधनकारक आहे. तरीही तिथली पोरं कर्जात बुडतातच, तो भाग वेगळा.

आपल्याकडं दोन पत्रं कधीच हातात येत नाहीत. कॅपचा विकल्प अर्ज येतो. तीनशेपर्यंत पर्याय, पसंतीच्या क्रमानं. यंत्र वरून खाली बघत येतं आणि तुमच्या गुणांना जे पहिलं बसेल ते देऊन टाकतं. पहिल्या क्रमांकाचं मिळालं की विषय संपला, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. (२०२५ पासून तर चार फेऱ्या झाल्या आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तेच घ्यावं लागतं.) म्हणजे स्वप्न वर ठेवायचं की परवडणारं, हे तुम्हाला आधीच, काही हातात नसताना, सायबर कॅफेतल्या खुर्चीवर बसून ठरवायचं असतं. शिष्यवृत्ती मिळणार का, किती, कधी, हे त्यानंतर कळतं.

माझी खुर्ची २०१६ सालची. आमची बॅच जरा प्रयोगातलीच. २०१४ आणि २०१५ साली राज्यातले इंजिनीअरिंगचे प्रवेश जेईई मेनवर झाले होते, २०१६ ला परत सीईटी आली. आणि ते वर्ष कसलं, तर दुष्काळाचं. त्याच एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली, १२ तारखेला पहिली गाडी पोचली, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. आमच्याकडं रेल्वे वगैरे आली नाही, नुसतंच पाणी नव्हतं. आदल्या हंगामात आमच्या साडेचार एकरांपैकी चार एकर सोयाबीनला सात क्विंटल उतारा आला होता. एकरी नव्हे, एकूण. आंतरपिकातली तूर दोन क्विंटल. तुरीला त्या वर्षी उभ्या जन्मात नव्हता असा भाव होता, आणि विकायला तूर नव्हती. घर चालायचं ते अण्णांच्या पिठाच्या गिरणीवर. तीही लाईट असेल तेव्हा.

माझं स्वप्न म्हणजे पुण्याचं सीओईपी. तेव्हा ते कॉलेज होतं, २०२२ पासून विद्यापीठ झालं. हिंगोलीत अकरावीला फिजिक्सच्या सरांनी अभियंता दिनाला वर्गात सांगितलं होतं की १८५४ पासून चालू आहे, विश्वेश्वरय्या तिथं शिकले. वर वर्तमानपत्रातलं एक कात्रण दाखवलं, मुळेच्या पाण्यात पोरं लांबुळक्या होड्या वल्हवतायत असं. विश्वेश्वरय्यांचं मला एवढं काही वाटलं नाही. पण कॉलेजची स्वतःची नदी असते, आणि तिच्यात पाणी असतं! दोन वर्षं ते कात्रण माझ्या केमिस्ट्रीच्या वहीत होतं.

सीईटीला गुण असे पडले की आदल्या वर्षांच्या याद्यांवरून अंदाज बांधता पुण्याला इन्स्ट्रुमेंटेशनची साधी सीट मिळण्यासारखी होती, आणि नांदेडच्या एसजीजीएसला त्याच ब्रँचची टीएफडब्ल्यूएसची. टीएफडब्ल्यूएस म्हणजे प्रत्येक कोर्सला पाच टक्के जादा जागा असतात, त्यांना शिकवणी फी माफ. बाकीचं किरकोळ, होस्टेल, मेस आपलं आपण. ब्रँच तीच, त्यामुळं प्रश्न स्वच्छ होता. (पुढं इन्स्ट्रुमेंटेशन शिकून आयटीत आलो, ही आपल्या राज्याची परंपरा आहे, तिला मी धक्का लावला नाही.) अण्णांनी पेरणीच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर मांडलं. पुण्याचं पहिलं वर्ष फी, होस्टेल, मेस, जाणं-येणं धरून दीड लाखाच्या घरात. नांदेडचं पन्नास हजारांच्या आत.

आता तुम्ही म्हणाल, सवलती होत्या की. होत्या. ईबीसीच्या निम्म्या फीला त्या जुलैत उत्पन्नाची अट एक लाखाची होती आणि तहसीलच्या दाखल्यावर आमचं उत्पन्न होतं एक लाख वीस हजार, गिरणी धरून. गावात कुणीही सांगेल की वीस हजार कमी करून दाखला आणणं ही काही अवघड गोष्ट नव्हती. अण्णांनी आणला नाही. त्यावर घरात बोलणं झालं नाही, मीही काढलं नाही. शैक्षणिक कर्ज म्हणाल तर चार लाखांपर्यंत तारण लागत नाही असा नियम आहे. एका बँकेत आम्ही गेलो, साहेबांनी नियम नाकारला नाही, फक्त अण्णांचं थकलेलं पीककर्ज संगणकावर उघडून स्क्रीन आमच्याकडं वळवली. परत येताना अण्णा एसटीत म्हणाले, "रस्त्याकडचं एकर काढून टाकू."

रस्त्याकडचं एकर म्हणजे आमच्या आणि काकाच्या सामाईक सातबाऱ्यावरचा मुरमाड तुकडा. पीक बेताचं, पण डांबरी रस्त्याला लागून, त्यामुळं गिऱ्हाईक होतं. काकाची सही लागणार होती. मला वाटलं काका नाही म्हणेल, आणि खरं सांगायचं तर त्यानं नाही म्हणावं असं मला आतून वाटत होतं, म्हणजे मग माझ्यावर काही राहिलं नसतं. काका बैलांना पाणी पाजत होता. त्यानं एवढंच विचारलं, "पुण्याहून साहेब होऊन येईल का?" अण्णा म्हणाले, "होईल." "मग सही करतो. पोराला घाल." काकाला तेव्हा नऊ वर्षांची मुलगी होती. त्या एकरात तिचाही वाटा होता, हे कुणी बोललं नाही.

दोन दिवसांनी हिंगोलीच्या सायबर कॅफेत बसून मी नांदेड एक नंबरला टाकलं आणि पुणे दोनला. अण्णा बाहेर बाकड्यावर होते. यादी लागली, नांदेड मिळालं. पुण्याचा त्या वर्षीचा कटऑफ मी नंतर पाहिला. मिळालं असतं.

यातला पुढचा भाग मी कुणाला सांगितला की लोक हळहळतात, पण मला तो फक्त मजेशीर वाटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे प्रवेश होऊन तीन महिन्यांनी, सरकारनं ईबीसीची मर्यादा एका लाखावरून सहा लाख केली, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं. शिवाय अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं होस्टेलचा भत्ता, पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी वर्षाला तीस हजार, इतरत्र वीस. वहीचं मागचं पान घेऊन परत हिशोब केला असता तर पुणे बरंच जवळ आलं असतं. पण ऑक्टोबरचा निर्णय जुलैच्या खुर्चीवर बसलेल्याला दिसत नाही. आणि असा भत्ता खात्यात पडेपर्यंत मेसवाला थांबत नसतो, त्यामुळं रस्त्याकडच्या एकराचं काय झालं असतं ते सांगता येत नाही.

नांदेडबद्दल थोडं सांगतो, नाहीतर वाटेल मी चार वर्षं कुढत बसलो होतो. एसजीजीएस १९८१ चं. गाव सोडून गोदावरीच्या अंगानं विष्णुपुरीला गेलं की लागतं, पलीकडं धरण, जवळच विद्यापीठ. होड्या नव्हत्या, पण नदी होती, आणि साखऱ्याच्या पोराला धरणाचं पाणी बघायला मिळणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. कंट्रोल सिस्टीम्स मला तिथं जी कळली ती आजही सर्व्हरचे अलर्ट लावताना उपयोगी पडते. पण सगळ्यात मोठी गोष्ट अंतराची होती. शुक्रवारी संध्याकाळची गाडी धरली की पूर्णा करून रात्री हिंगोली, सकाळी वावरात. फवारणी, काढणी, गिरणीचा पट्टा तुटणं, सगळ्याला मी होतो. २०१७ च्या उन्हाळ्यात तुरीचा हमीभाव ५०५० होता आणि खरेदी केंद्रावर पोत्यांच्या रांगा लागल्या होत्या, तेव्हा आमच्या पोत्यांपाशी रात्री झोपायला मी होतो. पुण्याहून हे जमलं नसतं. हा फायदा कुठल्या रँकिंगमध्ये मोजत नाहीत.

आणि न जाण्याचा तोटा? तोही आहे, "काही फरक पडत नाही" असलं मी म्हणणार नाही. माझ्या टीममध्ये सीओईपीचे दोघं आहेत. कोड माझ्यापेक्षा फार वेगळा लिहितात असं नाही. पण अडलं की त्यांच्याकडं फोन करायला माणसं असतात. एखाद्या कंपनीत रेफरल पाहिजे, अमेरिकेतल्या कुठल्या प्रोफेसरकडं अर्ज करावा, पहिल्या पगाराची बोलणी कशी करायची, सगळ्याला कुणीतरी दोन वर्षं पुढचा सीनियर. मला ही माणसं तिशीला टेकताना एकेक करून जमवावी लागतायत. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ चा एक गाजलेला अमेरिकन अभ्यास आहे. सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेल्या, पण वेगवेगळ्या ठिकाणी गेलेल्या मुलांची पुढची कमाई त्यांनी ताडून पाहिली. नामांकित कॉलेजात गेल्यानं कमाईत फारसा फरक दिसला नाही, कारण हुशार पोरगं कुठंही हुशारच. पण एक अपवाद निघाला, गरीब घरातली मुलं. त्यांना नामांकित कॉलेजचा खरोखर फायदा झाला. म्हणजे बघा, ज्याला ते महाग पडतं त्यालाच ते सर्वांत जास्त लागतं. अंथरूण-पायवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

उलट बाजूनं माझ्याकडं एक पुरावा आहे. आमची बॅच बाहेर पडली २०२० साली. हातात एका कंपनीचं ऑफर लेटर होतं, आणि मार्चमध्ये लॉकडाऊन. जॉइनिंग पुढं पुढं जात नोव्हेंबरात झालं. ते महिने मी साखऱ्यात गिरणीवर बसून काढले, दळण घेतलं, रात्री जावा केली. डोक्यावर एक रुपया कर्ज नव्हतं आणि रस्त्याकडचं एकर जागेवर होतं. तेव्हा झोप लागायची. माझ्या ओळखीत एक-दोघं असे होते की त्यांना लागत नव्हती.

हे सगळं आता लिहायचं कारण काकाची तीच मुलगी. तिनं २०२५ मध्ये सीईटी दिली आणि माझ्यापेक्षा पुष्कळ बरे गुण पाडले. जुलैतल्या एका शनिवारी मी गावी गेलो. ओसरीवर सगळे होते. मोठी माय म्हणजे आमची आजी, तिचं मत पक्कं होतं. "नांदेडला घाला. रेल्वेनं दोन-अडीच घंट्यात लेकरू घरी. हा शिकला न्हाई का तिथं? कुठं काय बिघडलं याचं?" मी म्हणजे नांदेडची जाहिरातच होतो. काका गप्प. काकू आतून ऐकत होती.

मी लॅपटॉप काढला. अण्णांच्या वहीत आणि माझ्या एक्सेलमध्ये फरक एकच, अण्णांनी खर्च वर्षाचा मांडला होता, मी महिन्याचा मांडला. आडवे बारा महिने, उभ्या बाबी. शिकवणी आणि परीक्षा फीच्या ओळीत शून्य. कारण जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या एसईबीसी, ईडब्ल्यूएस आणि ओबीसी घरांतल्या मुलींना कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाला ही फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी विद्यापीठं सोडून. म्हणजे जो आकडा २०१६ ला आमच्या मानगुटीवर बसला होता, त्याचा सर्वांत मोठा तुकडा तिच्यापुरता गळून पडला होता. राहिलं ते होस्टेल, मेस, डिपॉझिट, इतर शुल्क, प्रवास. लॅपटॉप माझा जुना. आणि हे सगळं मांडल्यावर शीटमध्ये लाल झाले ते चारच महिने, जुलै ते ऑक्टोबर. नोव्हेंबरपासून काकाचं सोयाबीन उभं राहत होतं.

"हे चार महिने माझ्याकडं," मी म्हणालो.

काकानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "उसने म्हणून. मांडून ठेव."

"मांडलंयच."

रात्री ती गच्चीवर आली. "दादा, तुला पुण्यालाच जायचं होतं ना? मग नांदेड वर कामून टाकलंस?" तिला रस्त्याकडच्या एकराचं माहीत नव्हतं. नऊ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हंजी मी पुणे टाकलं तर परत त्याच वावरावर येईल का?" मी तिला शीट परत दाखवली. या वेळी पैसा कमी पडत नाहीये, फक्त उशिरा येतोय, आणि उशिराला मी आहे, असं सांगितलं. माझ्या वेळी दोन्ही होतं, कमीही आणि उशीरही. एकाच हिशोबानं मी नांदेडला गेलो होतो आणि त्याच हिशोबानं तिनं पुण्याला जावं असं माझं म्हणणं होतं. मोठी मायला यात लबाडी वाटली, अजूनही वाटते.

तिनं पुणे एक नंबरला टाकलं. जुलैच्या शेवटी पहिल्या फेरीत मिळालं. ऑगस्टात मी तिला होस्टेलवर सोडून आलो.

आणि सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांना माहीत आहे. आमचं ओढ्याकडचं काळं रान चार दिवस पाण्याखाली होतं. सोयाबीन काढणीला आलेलं, शेंगांतच कोंब फुटले. काकानं मला फोन केला आणि पहिलं वाक्य, "पोरीला सांगू नको." पोरीनं गावातल्या मैत्रिणींच्या स्टेटसवर ते आदल्या रात्रीच पाहिलं होतं. तिचा मला मेसेज आला, घरचं काही न विचारता नुसता एक प्रश्न: ॲडमिशन कॅन्सल केलं तर डिपॉझिट किती परत मिळतं?

हा मेसेज मी ऑफिसात वाचला आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन तिला फोन केला. रागावलो नाही. शीट उघडायला सांगितली आणि तिच्यासमोर काकाचे नोव्हेंबरचे आकडे उचलून फेब्रुवारीत ठेवले, तुरीवर. ओल्यानं तूरही पिवळी पडली होती, म्हणून अर्धे परत उचलून पुढच्या नोव्हेंबरात ठेवले. लाल महिने चाराचे अकरा झाले. माझ्या पगारातून ते जातील का? जातील, मी या वर्षी घ्यायची ठरवलेली गाडी पुढं ढकलून. हे मी तिला सांगितलं नाही, पण शीटमध्ये एक नवी ओळ दिसली असेल तिला, हुशार आहे. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. काकाच्या खात्यावर काय आणि कधी पडेल त्यासाठी मी एक रिकामा रकाना ठेवला, त्याला महिना दिला नाही.

दिवाळीत आम्ही दोघं एकाच ट्रॅव्हल्सनं गावी गेलो. घरात नेहमीसारखं बोलणं चालू होतं, नुकसानीचं कुणी काढत नव्हतं. रस्त्याकडचं एकर चढावर असल्यामुळं तेवढं वाचलं होतं. चार क्विंटल, तीही डागी. हमीभाव त्या वर्षी ५३२८, आणि आडतीवर ओलावा आणि डाग बघून काकाला बत्तीसशेनं पट्टी मिळाली. पाडव्याला काकानं पाच हजार तिच्या हातात ठेवले आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "एवढे खोड तुझ्या वहीतून." मी तिथंच लॅपटॉप काढून खोडले. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवून खात्री करून घेतली.

परतीच्या गाडीत तिनं सांगितलं की बोट क्लबला नाव द्यायचंय, पण पोहता येत नाही, म्हणून आधी एका तलावावर शिकायला जायलीय, सकाळी सहाला. महिन्याची फी किती ते मी विचारलं. तिनं सांगितली, आणि ती शीटमध्ये तिनं आधीच टाकलेली होती.